काकांच्या कपाटातली १९९०ची शॅम्पेन: फोडावी, विकावी की पुसून परत ठेवावी?

शेवरीचं बोंड | १४ एप्रिल, रात्री १०:२०

आंब्याच्या पेट्यांना घालायला रद्दी शोधत माळ्यावर गेले होते. काकांचं सागवानी कपाट कोणी उघडत नाही, ते उघडलं. खालच्या कप्प्यात त्यांच्या जुन्या बॉयलर सूटच्या घडीत एक बाटली निघाली. शॅम्पेन. लेबल कसरीने कोपऱ्यात खाल्लंय, पण साल स्पष्ट वाचता येतं: १९९०. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा किमतीवरच संपायचा. मोठं घराणं आहे एवढं समजा.

काका बोटीवर होते. १९९८ला शेवटची सफर करून घरी आले तेव्हा कप्तानाने फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात ही भेट दिली म्हणे. "तुझ्या लग्नात फोडू" असं मला सांगायचे. माझं लग्न झालं २००४ला, आणि आजी घरात असताना बाटली फोडायची कोणाची शामत नव्हती. नंतर विषय मागेच पडला. दोन वर्षांपूर्वी काका गेले.

बाटली उभीच होती, २७ वर्षं. घर देवगडजवळ, माळ्यावर कौलं, वर लाकडी तक्तपोशी नाही. मानेभोवतीच्या चंदेरी कागदाला खाऱ्या हवेने बारीक भोकं पडलीत. बॅटरी लावून पाहिली तर आतली पातळी बुचाच्या खाली दोन बोटं, आणि रंग मला तरी कोऱ्या चहासारखा वाटला.

ती पिण्याजोगी असेल का? विकली तर काही येतील का? आणि समजा ही गेलेलीच असेल, तर नीट मुरलेली शॅम्पेन लागते कशी हे एकदा कळावं म्हणून दुसरी घ्यायची झाली तर कुठून, काय बघून घ्यायची? मी आजवर शॅम्पेन एकदाच प्यायले आहे, पुण्यात एका लग्नात, प्लास्टिकच्या ग्लासातून. तेव्हा पाया शून्य आहे असं धरून लिहा.

---

रापणकार | १४ एप्रिल, रात्री १०:४१

गो बाय, सत्तावीस वरसां कौलाखाली! आमचा सुक्या बांगड्याचा मडक्याबी इतक्या दिवसात माणसात येवचा नाय. माका इचारशील तर काकांच्या फोटोसमोर ठेव, नमस्कार कर, आणि फोड. कसली लागता ता आमका सांग.

---

आम्लपित्त | १४ एप्रिल, रात्री ११:३०

मूळची चिपळूणची, गेली ११ वर्षं नाशिकच्या एका वायनरीत प्रयोगशाळा सांभाळते. त्यामुळे जरा लांबण लावणार आहे.

साध्या शॅम्पेनवर साल नसतं, कारण ती अनेक वर्षांच्या वाईन एकत्र करून बनवतात. एखाद्या वर्षी द्राक्षं फार चांगली आली की त्या एकाच वर्षाच्या द्राक्षांची वेगळी काढतात, ती विंटेज. १९९० हे त्यातलं नावाजलेलं साल, भरपूर ऊन मिळालेलं. कायद्याने साधी शॅम्पेन किमान १५ महिने आणि विंटेज किमान ३ वर्षं तळघरात राहावी लागते. चांगली घराणी विंटेज सहा-सात वर्षं सहज ठेवतात. तुमच्या काकांना ९८ला मिळाली, म्हणजे ती तेव्हा नुकतीच बाजारात आलेली असणार.

आता तळघरात ती करते काय? बुडबुडे येतात ते बाटलीत दुसऱ्यांदा आंबवल्यामुळे. लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. साखर संपते आणि आत सहा बारच्या आसपास दाब तयार होतो, म्हणजे कारच्या चाकातल्या हवेच्या अडीचपट. यीस्ट मरून तळाशी बसतं. हा मेलेला गाळ म्हणजे बाटलीचा राखणदार. तो आतला प्राणवायू शोषून घेतो, आणि स्वतः हळूहळू फुटत जाऊन वाईनला ताज्या पावाचा, लोण्याचा वास देतो. गाळ आहे तोवर वाईन म्हातारी होते ती फार संथपणे.

मग एक दिवस बाटल्या थोड्या थोड्या फिरवत उलट्या करून गाळ मानेत आणतात, मान गोठवतात, गाळाचा गोळा दाबाने बाहेर फेकला जातो, वरून थोडी गोड वाईन भरून खरं बूच मारतात. याला डिसगॉर्जमेंट म्हणतात. राखणदार गेला. तिथून दुसरं घड्याळ सुरू होतं. त्या बुचातून वायू थोडा थोडा बाहेर जातो, हवा थोडी थोडी आत येते. १० ते १२ अंशांच्या अंधाऱ्या तळघरात हे दुसरं आयुष्यही पंधरा-वीस वर्षं छान चालतं. भाकरी तव्यावर खरपूस होते ना, साखर आणि अमिनो आम्लांची तीच क्रिया बाटलीत चालू असते, फक्त इतक्या गार जागी तिला वर्षानुवर्षं लागतात. त्यातून भाजलेल्या काजूचा, मधाचा, अळंबीचा वास येतो. लोक पैसे मोजतात ते याच वासाचे.

तुमच्या माळ्यावर मे महिन्यात किती तापतं ते तुम्हालाच ठाऊक. तिथे तीच भाकरी मोठ्या जाळावर टाकल्यासारखी आहे. खरपूस व्हायच्या आधी करपते. उभी ठेवल्यामुळे जे बिघडलं असेल त्याच्या कितीतरी पट या उकाड्याने बिघडलं असणार. कोऱ्या चहाचा रंग हे चांगलं लक्षण नाही. तरी १९९० आहे, आशा सोडू नका. विष मात्र होत नाही हं, बेचव होते.

---

कोरडा ठणठणीत | १५ एप्रिल, सकाळी ७:०५

आंब्याच्या सीझनमध्ये लोकांना माळ्यावर रद्दी सापडते, यांना शॅम्पेन. आमच्याकडे कोकम सरबत आहे, दाब शून्य, तळघर नको.

---

कुळथाची पिठी | १५ एप्रिल, सकाळी ९:१५

@कोरडा, तुमच्या सरबताची बाटली गेल्या मे महिन्यात आमच्या ओट्यावर फुटली होती. दाब शून्य म्हणे!

बोंडे, फोडणार असशील तर सोबत काय करणार ते आधी ठरव. मालवणी मसाल्याचं काही ठेवलंस तर माझ्याशी बोलू नकोस.

---

पंपमन | १५ एप्रिल, दुपारी २:५०

रत्नागिरी. ३१ वर्षं बोटीवर काढली, त्यामुळे तुमच्या काकांसारखी कपाटं मी बरीच पाहिली आहेत. आमच्यातल्या अर्ध्या लोकांकडे अशी एखादी बाटली "मुलीच्या लग्नाला" म्हणून असतेच. वाईट वाटून घेऊ नका.

विक्रीचं डोक्यातून काढा. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू विकता येत नाही, मग ती १९९०ची असो की कालची. आणि परदेशातले लिलाववाले पहिला प्रश्न विचारतात की बाटली इतकी वर्षं कुठे होती. "कौलाखाली" हे उत्तर ऐकून फोन ठेवतील.

खरेदीचा माझा धडा सांगतो. निवृत्तीनंतर हौस म्हणून १९९६ची विंटेज घेतली. ९६ म्हणजे आंबटपणाही भरपूर आणि साखरही भरपूर असं क्वचित जमणारं साल, त्यामुळे शौकीन मागे लागलेले असतात. मुंबईत ओळखीच्या ओळखीतून एका गृहस्थाकडे होती. कुठे ठेवली होती विचारलं तर म्हणे एसीत. एसी फक्त रात्री झोपताना लागायचा हे मला नंतर कळलं. घरी आणून मानेवरचा कागद सोलला तर बोटांना चिकट लागला. वाईन बुचाच्या बाजूने झिरपून वाळली होती. फोडली तेव्हा आवाज नाही, फेस नाही, कापून ठेवलेल्या सफरचंदाच्या फोडीसारखा वास. माझे एका महिन्याच्या पेन्शनहून जास्त पैसे गेले.

तेव्हापासून जुनी बाटली हातात आली की आधी कागदाच्या कडेवरून बोट फिरवतो. चिकट असेल तर परत देतो. मग उजेडाला धरून पातळी बघतो, एकाच पेटीतल्या दोन असतील तर शेजारी धरून रंग बघतो. साल मी सगळ्यात शेवटी वाचतो.

---

झिलगो बांदेकर | १५ एप्रिल, संध्याकाळी ६:३२

एवढी डोकेफोड कशाला? गोव्यात जा, स्वस्तात घ्या. आमच्याकडून अर्ध्या तासाचा रस्ता.

---

पंपमन | १५ एप्रिल, संध्याकाळी ७:१०

स्वस्त होते ती तिथला राज्याचा कर कमी म्हणून. आयात शुल्काचा १५० टक्क्यांचा दणका गोव्यातल्या बाटलीलाही बसलेलाच असतो. त्याहून मुख्य म्हणजे दुकानात ती ट्यूबलाइटखाली, उघड्या फळीवर किती पावसाळे उभी आहे ते बघा. साधी, साल नसलेली, भरभर खपणारी बाटली घेत असाल तर चालेल. मुरलेली विंटेज तिथल्या फळीवरून मी घेणार नाही. आणि परवान्याशिवाय गोव्याच्या हद्दीवरचा इन्सुली नाका ओलांडायचा विचार असेल तर तो इथे लिहू नका.

---

व्यवस्थापक | १५ एप्रिल, संध्याकाळी ७:४५

शेवटच्या वाक्याला दुजोरा. या धाग्यावर "माझ्याकडे एक आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा" असे दोन प्रतिसाद उडवले आहेत. चव, साठवण, माहिती यावर खुशाल लिहा.

---

सेनकाठ | १६ एप्रिल, पहाटे २:१०

पॅरिसहून. मूळ गाव गुहागर. धागा वाचून झोप उडाली, कारण गेल्याच वर्षी शॅम्पेन प्रांतातल्या रँस शहरात जाऊन ती तळघरं बघून आलो. खडूच्या खाणी आहेत त्या, रोमन काळात दगड काढायला खणलेल्या, नंतर शॅम्पेनवाल्यांनी ताब्यात घेतल्या. २०१५पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. वर ऑगस्टचं ऊन आणि पायऱ्या उतरून खाली गेलो तर स्वेटर लागला. भिंतीला हात लावला तर ओला पांढरा खडू हाताला आला. आपला जांभा जसा तापतो आणि श्वास घेतो त्याच्या अगदी उलट. तिथे उभा असताना मनात आलं की या लोकांची अर्धी करामत जमिनीनेच करून ठेवली आहे.

खरेदीबद्दल. इथेही फसगत होते, फक्त जरा महागात. मी ज्या दुकानातून घेतो तिथला म्हातारा विंटेज बाटल्या समोर मांडतच नाही. मागितली की खालून आणतो. दुकानात शिरल्यावर मी बाटल्यांच्या आधी तो जिना शोधतो.

मग विचारायचं की गाळ कधी काढला, म्हणजे डिसगॉर्जमेंटची तारीख. बरीच घराणी हल्ली मागच्या लेबलवर छापतात. क्रुगच्या बाटलीवर एक आयडी क्रमांक असतो, त्यावरून ती माहिती मिळते. बोलँजेच्या 'आर. डी.' या बाटलीचं तर नावच 'नुकताच गाळ काढलेली' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून पडलंय. म्हणजे एकाच २००२ सालच्या दोन बाटल्या, एकीचा गाळ दहा वर्षांपूर्वी काढलेला, एकीचा गेल्या वर्षी, या चवीला दोन वेगळ्या बहिणी. वाईट कुठलीच नाही. मला स्वतःला गाळ काढून तीन-चार वर्षं झालेली आवडते, अगदी नुकती काढलेली जरा अंगावर येते.

सालाचा मोठा आकडा म्हणजे नवा माल असंही नसतं. दों पेरिन्यों शॅम्पेनवाल्यांनी २००९ची बाटली आधी बाजारात आणली आणि २००८ची नंतर, कारण २००८ थंड वर्ष, आंबटपणा कडक, तिला जास्त वेळ हवा होता.

लेबलवरचे शब्दही फसवतात. 'एक्स्ट्रा ड्राय' वाचून माणसाला वाटतं सगळ्यात कोरडी. ती 'ब्रूट'पेक्षा गोड असते. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७.

आणि पांढऱ्या काचेची बाटली उजेडात ठेवलेली असेल तर हात लावू नका. उजेडाने शॅम्पेन नासते, शिजवलेल्या कोबीसारखा वास येतो. क्रिस्टाल ही शॅम्पेन रशियाच्या झारसाठी १८७६ला पहिल्यांदा केली ती पारदर्शक बाटलीत, म्हणून तिला आजही पिवळा कागद गुंडाळतात.

मी मे महिन्यात घरी येतोय. माणशी २ लिटर आणायची मुभा आहे, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी नाही. दोनातली एक तुमच्यासाठी आणू का? २००८ बघतो.

---

रापणकार | १६ एप्रिल, सकाळी ८:२०

ह्या झाला बरां! माझो एक प्रश्न आसा. बाल्टिक समुद्रात बुडलेल्या गलबतात शॅम्पेन गावली आणि ती चांगली होती, असा खयतरी वाचलेला. मगे आपणय एक बाटली जाळ्यात बांधून रॉक गार्डनाखाली सोडूया काय?

---

आम्लपित्त | १६ एप्रिल, सकाळी ९:४०

:) बरोबर वाचलंय. २०१० साली, ओलांड बेटांजवळ, पन्नासेक मीटर खोल, १६८ बाटल्या. सुमारे १७० वर्षं जुन्या. काही व्हव क्लिकोच्या, काही हाइडसीकच्या, काही जुग्लार नावाच्या आता बंद पडलेल्या घराण्याच्या. त्यांत साखर लिटरला १४० ग्रॅमच्या आसपास निघाली, म्हणजे तेव्हाची शॅम्पेन आपल्या सरबताच्या अंगाने जाणारी. कोरडा ठणठणीत यांनी नोंद घ्यावी.

पण तिथे तळाशी पाणी चारेक अंशांचं, आणि मिट्ट काळोख. मालवणच्या पाण्यात तुम्ही रोज उतरता, तुम्हीच सांगा त्यात गारवा किती. वर्षभरात बाटलीवर कालवं चिकटतील, आत वाईन शिजेल.

---

रापणकार | १६ एप्रिल, सकाळी ९:५२

कालवां चिकाटली तर सोबतीक खावकय झाली. पण समाजला.

---

कुळथाची पिठी | १६ एप्रिल, सकाळी ११:०५

अवांतर: ऐंशीच्या दशकात आपल्या नारायणगावला अशीच फेसाळ वाईन बनायची, परदेशात 'ओमर खय्याम' नावाने जायची. आमच्या एका नातेवाइकांकडे ती पिऊन "शॅम्पेन प्यालो" असं वर्षभर सांगणं चालू होतं. शॅम्पेन प्रांताबाहेरची असेल तर तिला शॅम्पेन म्हणता येत नाही हे कळल्यावर फार हिरमुसले बिचारे. देवगडच्या लोकांना हे वेगळं समजवायला नको, बाजारात कुठल्याही आंब्याच्या पेटीवर 'देवगड' छापलेलं बघून काय वाटतं ते ठाऊक आहे.

---

शेवरीचं बोंड | १६ एप्रिल, रात्री ९:३०

सगळ्यांना दंडवत. सेनकाठ, आणा. पैसे देणार, भांडायचं नाही.

ठरलं. मेमध्ये दोन्ही फोडायच्या, काकांची आधी. तोवर काकांची बाटली कुठे ठेवू? फ्रिज की माळा?

---

आम्लपित्त | १६ एप्रिल, रात्री १०:०२

माळा नको हो! घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या खोलीत, मधल्या घरात धान्याच्या कोठीशेजारी ठेवा. फ्रिजमध्ये आदल्या दिवशी. पण एकदम गार प्यायची नाही. मुरलेली शॅम्पेन १०-१२ अंशांना चांगली, त्याहून गार केली तर जिभेला आणि नाकाला काहीच कळत नाही. फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं ठेवा, तुमच्याकडे मे महिन्यात दहाही पुरतील. आणि उंच निमुळता ग्लास नको. पोटाला फुगीर, तोंडाशी मिटलेला साधा वाईनचा ग्लास हवा.

---

सेनकाठ | १९ मे, रात्री ११:५५

धागा वर काढतोय. बाटली आली. ११० युरो. सामानात आईने दिलेल्या गोधडीत गुंडाळून. मुंबईहून कोकणकन्येने कणकवली. स्टेशनबाहेर बोंडबाईंचे यजमान मासे न्यायचा थर्माकोलचा खोका आणि बर्फाच्या पिशव्या घेऊन हजर. प्लॅटफॉर्मवर आंब्याच्या पेट्या मुंबईला चढत होत्या आणि शॅम्पेन सुरमईच्या खोक्यात बसून देवगडला चालली होती. वृत्तांत त्या लिहितील.

---

शेवरीचं बोंड | २१ मे, दुपारी ४:१५

लिहिते, जरा मोठं आहे.

ग्लास नव्हतेच. शेजारच्या होमस्टेवाल्यांकडून सहा आणले. संध्याकाळी साडेसहाला पडवीत बसलो: आई, आम्ही दोघं, सेनकाठ आणि त्यांची बहीण. काकांचा फोटो खुर्चीवर.

आधी काकांची. बुचावरच्या तारेच्या पिंजऱ्याला सहा अर्धे पीळ असतात असं सेनकाठने सांगितलं. आमची दुसऱ्या पिळाला गंजून तुटली. उरलेली पकडीने काढली. फडकं वरून धरलं, बाटली तिरकी, बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. बूच अर्धं तुटून हातात आलं. उरलेलं मळसूत्राने काढायला लागलं. आवाज म्हणाल तर झोपेत कूस बदलणाऱ्या माणसाचा उसासा, तेवढाच. ताज्या बाटलीचं बूच निघाल्यावर खाली अळंबीसारखं फुगतं, हे आपलं सरळ, खुंटीसारखं, काठाला काळं.

रंग काकवीचा. बुडबुडे नाहीत. ग्लासच्या तळाशी नीट निरखून पाहिलं तर एखादा चुकार वर येई, तोही विचार करून.

पण वास! पहिली पाच मिनिटं मी ग्लास खाली ठेवलाच नाही. सुकं अंजीर, भाजलेल्या काजूचं साल, जुन्या कपाटाचं लाकूड, आणि मागे कुठेतरी कैरी. आईने हुंगलं आणि म्हणाली, "पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाणी सुटतं ना, तो वास." तोच होता. सेनकाठ म्हणाले की याच्यापुढे मी लिहून ठेवलेलं सगळं खोडतो.

चवीला आधी गोडसर भास, मग एकदम आंबट, मग मध्येच रस्ता संपल्यासारखं काही नाही. मधला सगळा भाग उष्णतेने खाल्लाय हे मलासुद्धा कळलं. दहा मिनिटांनी वासही बसला. वीस मिनिटांनी ग्लासात उरली ती आंबलेल्या सफरचंदाची चव. दोन घोट उरले ते आईने तुळशीत नको म्हणून जास्वंदीला घातले.

मग २००८. हिचा आवाजही बारीकच, पण तजेलदार. बुडबुड्यांची दोरी सुटली ती अर्धा तास तुटली नाही. रंग फिकट सोनेरी, नव्या गवताच्या पेंढीचा. पहिल्या घोटाला लिंबाची साल, इतकी कडक की सेनकाठची बहीण डोळे मिटून बसली. मग दहा मिनिटांनी तीच वाईन मऊ झाली: लोण्यात भाजलेला पाव, ओला काजू, किंचित खारटपणा. आणि गिळल्यावरही बराच वेळ तोंडात रेंगाळते. काकांच्या बाटलीत जे पाच मिनिटं नाकाला भेटून गेलं, ते इथे अजून लहान आहे. दहा वर्षांनी ही तशी होईल, करपल्याशिवाय, असं सेनकाठ म्हणाले. पण ती तर आम्ही संपवली.

सोबत: कालवं नुसती वाफवून, वर लिंबू, मसाला नाही. (पिठीताई, शपथ.) २००८सोबत ती खाल्ली आणि आमचे हे, जे गेली एकवीस वर्षं कालवाला तिखट रस्साच लागतो म्हणत आलेत, गप्प बसून दुसऱ्यांदा वाढून घेत होते. ओल्या काजूची उसळ बिनतिखटाची केली होती, ती काकांच्या बाटलीला चांगली गेली, म्हणजे जेवढी मिनिटं ती जिवंत होती तेवढी. रव्यातली सुरमई दोन्हींबरोबर चालली, पण ती कशाबरोबरही चालते.

---

पंपमन | २१ मे, संध्याकाळी ५:३०

पाच मिनिटं का होईना, मिळाली ना. माझ्या ९६ने तेवढीही दिली नव्हती. पातळी दोन बोटं खाली असूनही वास टिकला, म्हणजे बूच बरं होतं.

---

आम्लपित्त | २१ मे, संध्याकाळी ६:१५

"मध्येच रस्ता संपल्यासारखं" हे प्रयोगशाळेच्या वहीत उतरवून घेतलंय. आम्ही याला फार कंटाळवाण्या शब्दांत लिहितो. आंबटपणा शिल्लक राहिला कारण आम्ल उष्णतेला फारसं दाद देत नाही. फळाचा गर जातो तो आधी जातो.

पुढची घेतलीत आणि ठेवायची असेल तर घरी नको. साध्या फ्रिजला महिनाभर ठीक, पण तिथे हवा कोरडी, कंप्रेसरची थरथर, आणि पावसाळ्यात दर दोन दिवसांनी लाईट जाणार. कोकणात राहून विंटेज घ्यायची तर दुसऱ्याच्या तळघरात मुरलेली घ्यावी आणि आठवड्याभरात प्यावी.

---

कुळथाची पिठी | २१ मे, संध्याकाळी ७:००

शपथ मान्य. बिनमसाल्याची कालवं आमच्याकडे करून बघते, सोबत काय ते नंतर बघू.

---

रापणकार | २१ मे, रात्री ८:१२

जास्वंदीक फुला इली काय ता कळव. आणि रिकामी बाटली खय आसा? जाड काचेची बाटली माका होयी, कोकमाचा आगळ भरूक.

---

शेवरीचं बोंड | २१ मे, रात्री ९:०५

उशीर झाला हो. दोन्ही बाटल्या आईने धुऊन उन्हात पालथ्या घातल्यात. काकांची वजनकाट्यावर ठेवून पाहिली, रिकामी ९०० ग्रॅमला थोडी कमी, नवी तिच्यापेक्षा हलकी. एकीत यंदाचं आगळ भरणार आहे. लेबल काढू नकोस एवढंच मी सांगितलंय.